रिझ्युमेत गोत्र नको

सहावी ते आठवीच्या मुलांना वेगवेगळ्या कामांची ओळख कशी करून द्यावी आणि त्यांच्याकडून रिझ्युमे कसा लिहून घ्यावा, याबद्दल इंदूरच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळेनं रिझ्युमे लिहून आणायला सांगितलाय. तिनं नाव, जन्मतारीख, रास, उंची, वडिलांचा व्यवसाय एवढं लिहिलं आणि पेन ठेवलं. बारा वर्षांच्या मुलीनं लिहावं तरी काय? (एक बाबा, सुदामा नगर)

तिचं काही चुकलं नाही. आपल्या घरात बायोडाटा हा शब्द लग्न जमवतानाच निघतो. एखाद्या ताईचा तिनं पाहिला असणार. त्यात रास, गोत्र, मामाकुळ सगळं असतं. मी वर्गात पहिल्या दिवशी हा फरक सांगते, की बायोडाट्यात तुम्ही कुणाचे ते लिहितात आणि रिझ्युमेत तुम्ही काय केलंत ते.

रिझ्युमेला लगेच हात घालू नका. आधी आठवडाभर तिला एका वहीत रोज रात्री दोन ओळी लिहू द्या : आज मी कुणासाठी काय केलं? शनिवारी बसून त्यातली क्रियापदं अधोरेखित करा. बहुतेक मुलं ‘मेहनती, प्रामाणिक, हुशार’ असं लिहितात. या शब्दांवरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘आजीला व्हिडिओ कॉल लावायला शिकवला, आता ती स्वतः लावते’ हे वाक्य बघा. काय केलं आणि त्यातून काय झालं, दोन्ही आलं. ‘गणपतीत दहा दिवस प्रसादाचा हिशेब ठेवला’ हेही चालेल. आकडा असला की वाक्याला वजन येतं, पण फुगवायचा नाही.

भाषांचा रकाना आपली मुलं हमखास विसरतात. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, या तीन भाषा तिला फुकटात मिळाल्या आहेत. फक्त ‘उत्तम’ असा शिक्का नको. ‘मराठी बोलते, वाचताना अडखळते’ हे खरं असेल तर तेच लिहावं. इंदूरच्या कितीतरी मुलांचं ते खरं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक, फोटो हे सगळं काढून टाका. हा कागद कुणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गात ४२ मुलं, आठवड्याला एकच तास. एखाद्या वकिलाला, डॉक्टरला बोलावलं की मुलं ऐकतात, टाळ्या वाजवतात, संपलं. (एक शिक्षिका)

भाषणं बंद करा, बाई. मुलांना पाहुण्याला प्रश्न विचारू द्या. पगाराचा प्रश्न शेवटी. आधी : आज सकाळी पहिलं काम कोणतं केलंत? हे कुणाकडून शिकलात? कंटाळा कशाचा येतो? तुमच्या हातून काय बिघडलं होतं? या शेवटच्या प्रश्नावर माणसं खुलतात, मी कितीदा पाहिलंय.

आणि पाहुणे जरा वेगळे निवडा. आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चालते देखावे, निघतात. गिरण्या कधीच बंद पडल्या, झांक्या मात्र थांबल्या नाहीत. एका हलत्या झांकीमागे किती कामं असतात ते फळ्यावर मुलांकडूनच लिहून घ्या : सांगाडा जोडणारा वेल्डर, सुतार, मूर्ती घडवणारा, मोटर बसवणारा, दिव्यांची वायरिंग करणारा, कपडे शिवणारी, ट्रॉली चालवणारा, वर्गणीचा हिशेब ठेवणारा. एका तासात फळा भरतो. मग चार-चार, पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला एक काम द्या आणि ते करणाऱ्या माणसाला भेटून यायला सांगा, सोबत घरचं कुणी मोठं माणूस हवंच.

आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा संशोधन केंद्राचं नाव घेतलं की मुलांना शास्त्रज्ञच दिसतात. तिथलं इंडस-२ सारखं, इलेक्ट्रॉन वेगानं फिरवून प्रखर किरण काढणारं यंत्र चालायचं तर निर्वात पंप आणि वीजपुरवठा सांभाळणारी माणसंही लागतात, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

प्रश्न : आमच्या वेळी मॅट्रिकनंतर विचार करायचो. अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या डोक्यात नोकरीचं खूळ कशाला? भंवरकुआँच्या कोचिंगला आता सहावीपासूनच पाठवायचं का? (एक आजोबा, रामबाग)

काका, कोचिंगबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पण हा उद्योग त्याच्या उलट आहे. लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८१ साली मांडलं, की मुलं कामं निवडायच्या कितीतरी आधी कामं खोडायला लागतात. सहा ते आठ या वयात ‘हे बायकांचं, हे पुरुषांचं’ म्हणून, आणि नऊ ते तेराव्या वर्षापर्यंत ‘हे हलकं, हे प्रतिष्ठेचं’ म्हणून. म्हणजे तुमच्या नातवंडांची खोडाखोड आत्ता चालू आहे, आपण बोललो नाही तरी. आपल्याला त्यांच्याकडून काही ठरवून घ्यायचं नाही, खोडरबर जरा हातातून काढून घ्यायचाय.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय, सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याबरोबर काम करून बघायला. काम करून बघायला, मजुरीला नव्हे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे. घरच्या कामात शाळेनंतर मदत करणं आणि बालकलाकार एवढेच काय ते अपवाद, तेही अटींसह.

प्रश्न : बोटांच्या ठशांवरून मुलाचं करिअर सांगणारी चाचणी करून घ्यावी का? पाच हजार म्हणतायत. (एक आई)

नाही. ठसे गर्भातच, जन्माच्या काही महिने आधी पक्के होतात. त्यावरून कल किंवा बुद्धी कळते याला शास्त्रीय आधार नाही. त्या पैशात स्क्रू-ड्रायव्हरचा संच, रंग आणि भरपूर पुस्तकं येतील.

प्रश्न : मी आठवीत आहे. मित्राचं डॉक्टर व्हायचं ठरलंय, माझं काहीच नाही. रिझ्युमेत ‘ध्येय’ या रकान्यात काय लिहू? मोबाइलवरच्या एआयनं ‘गतिमान क्षेत्रात योगदान देणे’ असं लिहून दिलं. ता. क. : रविवारी मी मामाबरोबर बिघडलेले मिक्सर उघडतो, हे लिहिण्यासारखं आहे का?

ते गतिमान क्षेत्र आधी खोड. तू मामाशी तरी असं बोलतोस का? ध्येयाचा रकानाही काढ, आठवीत त्याची गरज नाही. त्या जागी ‘सध्या शिकतोय’ असं लिही आणि तुझा ताजा कलम थेट तिथे आण. किती मिक्सर उघडले, किती पुन्हा चालू झाले, एखादा कायमचा गेला असेल तर तोही लिही. मामाला विचार, बहुतेक वेळा बिघाड कशात असतो, आणि तेही एका ओळीत घाल.

प्लग काढूनच उघडत असशील, असं मी धरून चालते.