डच सैनिकांच्या नारिंगी पट्ट्यांचा रंग कसा मिसळावा आणि थर कसे द्यावेत?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. ऐंशी वर्षांच्या युद्धातलं (स्पेनविरुद्धच्या डच बंडातलं) डच पायदळ तुम्ही २८ मिमी उंचीच्या छोट्या फिगर्समध्ये रंगवताय. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या पायाभूत थरावर) खांद्यावरून तिरक्या घेतलेल्या नारिंगी पट्ट्याला चार-चार हात दिले तरी खालचा काळा डोकावतो, पांढरा घालून उजळ छटा केली की ती खडूसारखी गुलाबट होते, आणि वरून काळपट वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग) फिरवला की सगळंच मळतं. माझ्या मते तिन्हींचं मूळ एकच आहे. नारिंगी स्वतःच्या बळावर काही झाकत नाही. त्याच्या खाली काय आहे, त्यात काय मिसळलंय आणि शेजारी कोणता रंग आहे, यावरच तो कसा दिसणार हे ठरतं. म्हणून नारिंगीची बाटली उघडण्याआधीच बरंचसं काम झालेलं असावं लागतं.

आधी झाकण्याबद्दल. बहुतेक झगझगीत नारिंगी आणि पिवळ्या ॲक्रिलिक रंगांत सेंद्रिय रंगद्रव्यं असतात आणि ती बरीचशी पारदर्शक असतात. प्रकाश थरातून आत जातो, खालच्या प्रायमरवर आपटतो आणि परत येतो. खाली काळं असेल तर तो परत येतच नाही. शिवाय पिवळा आणि काळा एकत्र आले की हिरवट झाक येते, म्हणून काळ्यावरच्या पातळ नारिंगीत कडेला शेवाळी छटा दिसते. कॅडमियमचा नारिंगी मात्र दणकून झाकतो, पण कॅडमियम विषारी असल्यामुळे मिनिएचरच्या रंगांत तो सहसा वापरत नाहीत. उलट लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेले तपकिरी-पिवळसर रंग आणि टायटॅनियमचा पांढरा असलेले रंग एका-दोन हातांत झाकतात. जे झाकतं ते खाली घाला आणि जे चमकतं ते वर ठेवा.

प्रायमर बदलायची गरज नाही. काळाच राहू द्या, फक्त पट्ट्यापुरता वेगळा अस्तराचा थर द्या. मी व्हॅलेहो या कंपनीचा ऑरेंज ब्राउन (७०.९८१) वापरतो. तो पुरेसा अपारदर्शक आहे आणि नारिंगीच्याच कुळातला आहे, त्यामुळे वरचा थर कुठे विरळ राहिला तरी तो दोष वाटत नाही, सावली वाटते. सिटाडेलचे रंग असतील तर जोकाएरो ऑरेंज त्याच कामाचा, फक्त जरा लालसर. पट्टा खूपच झळाळता हवा असेल, उदाहरणार्थ सेनापतीच्या फिगरवर, तर अस्तर फिक्या गुलाबी रंगाचं घ्या. त्यातल्या पांढऱ्यामुळे काळं झाकलं जातं आणि त्यातल्या लालामुळे वरचा नारिंगी उबदार राहतो. निव्वळ पांढऱ्यावर मात्र सुरुवात करू नका. पांढऱ्यावर नारिंगी सुंदर उजळतो हे खरं, पण घड्यांच्या खाचांत ब्रश जिथे पोचत नाही तिथे पांढरे ठिपके राहतात, आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतात.

आता नेमका कोणता नारिंगी? ऐतिहासिक फिगर म्हटल्यावर हा प्रश्न टाळता येत नाही. कृत्रिम रंगांचा जमाना १८५६ नंतरचा. त्याआधीचं नारिंगी कापड वनस्पतिज रंगांत रंगत असे, म्हणजे वेल्डसारख्या झाडाचा पिवळा आणि मॅडरच्या मुळांचा लाल. असा रंग उबदार आणि भरीव असतो, पण आजच्या सुरक्षा जॅकेटसारखा डोळ्यांवर येत नाही. उन्हा-पावसात तो विटतोही. त्यामुळे बाटलीतला शुद्ध नारिंगी सतराव्या शतकातल्या सैनिकाच्या अंगावर जसाच्या तसा टाकला की काळाचा मेळ बसत नाही. दुसऱ्या बाजूला, २८ मिमीची फिगर आपण हातभर अंतरावरून बघतो, म्हणून रंग खऱ्या कापडापेक्षा थोडा जोरकस ठेवावाच लागतो. यातला सुवर्णमध्य सोपा आहे. मधली छटा किंचित मळवायची आणि उजळ छटा स्वच्छ ठेवायची.

छटा सैन्यागणिकही बदलते. डचांचा नारिंगी हा ऑरेंज-नासाऊ घराण्याचा रंग, तो मी पिवळ्याकडे झुकता ठेवतो. इंग्लंडच्या यादवी युद्धात अर्ल ऑफ एसेक्सच्या संसदपक्षीय फौजेचे पट्टेही नारिंगीच, पण ती टॉनी छटा, तपकिरीकडे झुकलेली. १६४२ च्या एजहिलच्या लढाईत सर फेथफुल फोर्टेस्क्यूची घोडदळाची तुकडी ऐनवेळी राजाच्या बाजूला गेली, पण काहींनी अंगावरचे नारिंगी पट्टे काढून टाकले नाहीत आणि ते राजाच्याच सैनिकांच्या हातून मारले गेले. गणवेश पुरते ठरायच्या आधीच्या त्या काळात माणसाची बाजू त्या एका पट्ट्यावरून ओळखली जात होती. म्हणून फिगरवर या कापडाच्या तुकड्याला जास्तीचा वेळ द्यायला मला कधीच कंटाळा येत नाही.

मिसळण्याकडे येऊ. स्वतः नारिंगी बनवायचा असेल तर पिवळा सोनेरीकडे झुकणारा घ्या आणि लाल शेंदरीकडे झुकणारा. लिंबू-पिवळ्यात हिरवट अंश असतो, किरमिजी लालात निळसर. या दोघांतून नारिंगी निघतच नाही, विटकरी निघतो. दुसरी गोष्ट म्हणजे लाल रंगाचा जोर पिवळ्यापेक्षा फार जास्त असतो. लालात पिवळा ओतत बसलात तर अर्धी बाटली संपेल. पिवळा आधी पॅलेटवर घ्या आणि लाल ब्रशच्या टोकाने थोडा-थोडा ओढून आणा. दोन रंगांतून बनवलेला नारिंगी तयार नारिंगीपेक्षा सहसा जरा मंद येतो, आणि जुन्या कापडाला तेच शोभतं. तयार नारिंगी वापरत असाल तर त्याच्या चार थेंबांत ऑरेंज ब्राउनचा एक थेंब घाला. टॉनी पट्ट्यांसाठी प्रमाण निम्मं-निम्मं करा. मळवण्यासाठी काळा कधीच नको. निळा हा नारिंगीचा विरुद्ध रंग, त्याचा सुईच्या टोकाएवढा अंश रंग शांत करतो. पण तपकिरीने काम भागत असेल तर निळ्याच्या वाटेला न गेलेलंच बरं, कारण अंश जरा वाढला की रंग राखाडी होतो.

थर देताना मी एका पट्ट्यावर काय करतो ते सविस्तर लिहितो. पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतोय आणि तिथे गाठ आहे असं धरू. ऑरेंज ब्राउनचे दोन पातळ हात दिले, पूर्ण वाळू दिले. मग त्यातच कॅव्हलरी ब्राउन मिसळून लालसर-तपकिरी सावली बनवली. ती गाठीच्या भोवतीच्या खाचेत, दंडाखाली आणि जिथे कापड स्वतःच्याच घडीखाली शिरतं तिथे. त्यानंतर मधली छटा. ब्रशमधला रंग टिश्यूवर जवळजवळ निथळून घ्यायचा, आणि ओढ नेहमी सावलीकडून उजेडाकडे न्यायची, कारण ब्रश जिथे उचलतो तिथे सगळ्यात जास्त रंग साचतो. खांद्यावरून सुरुवात करून खाली ओढलं तर रंग नेमका गाठीच्या सावलीत जमा होईल; म्हणून गाठीपासून वर, खांद्याकडे. पहिला हात वाळल्यावर पट्टेरी दिसेल. घाबरू नका आणि त्यावर जाड थर लादू नका. तोच पातळ रंग दुसऱ्यांदा, प्रत्येक घडीच्या दोन्ही कडा अस्तराच्या रंगात सोडून, फक्त वरच्या भागावर. तिसऱ्यांदा आणखी आत. या तीन हातांत कुठेही नवी छटा मिसळलेली नाही, तरी पारदर्शकतेमुळे आपोआप चढ-उतार तयार होतो. ज्या गुणामुळे नारिंगी झाकत नाही, तोच गुण इथे उपयोगी पडतो. मला नारिंगी आवडतो तो यामुळेच.

रंग किती पातळ, हे थेंबांत सांगणं अवघड आहे, कारण दर कंपनीचा रंग वेगळा असतो. नखावर एक रेघ ओढून बघा. रेघ एकसंध राहून खालचं नख अंधुक दिसलं पाहिजे. पसरून कडेला डबकं झालं तर पाणी जास्त झालं. ओला पॅलेट (ओलसर स्पंजावर कागद ठेवलेला) असेल तर तीच मधली छटा पूर्ण बैठकभर टिकते, आणि इतक्या थरांच्या कामात ती टिकायलाच हवी.

उजळ छटेसाठी पांढरा पूर्ण विसरा. टायटॅनियमचा पांढरा रंगाला थंड करतो, म्हणून नारिंगी अधिक पांढरा म्हणजे पीच रंग. त्याऐवजी पहिली उजळ छटा मधल्या नारिंगीत सोनेरी पिवळा घालून करा, आणि शेवटची त्याच मिश्रणात फिकट त्वचेचा रंग घालून, मी व्हॅलेहोचा फ्लॅट फ्लेश (७०.९५५) घेतो. त्वचेच्या रंगात पांढरा, पिवळा आणि किंचित लाल आधीच असतात, त्यामुळे छटा फिकी होते पण गारठत नाही. ही शेवटची छटा फार कमी ठिकाणी द्या: खांद्यावरच्या घडीची धार, गाठीचा वरचा फुगवटा, आणि खाली झालर असेल तर तिच्या टोकांवर काही बारीक रेघा. नाहीतर पट्टा नारिंगीऐवजी पिवळा वाटू लागेल.

एवढं करूनही थरांमधल्या पायऱ्या दिसत असतील तर त्यावर ग्लेझ, म्हणजे अगदी पारदर्शक रंगाचा हात, हाच उपाय. शुद्ध, न मळवलेला नारिंगी ग्लेझ मीडियममध्ये खूप विरळ करून संपूर्ण पट्ट्यावर एकदा फिरवा. पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि त्वचेच्या रंगामुळे आलेला फिकटपणाही परत तापतो. वॉश द्यायचाच असेल तर लालसर-तपकिरी घ्या आणि फक्त घड्यांत, ब्रशच्या टोकाने. पूर्ण पट्ट्यावर काळा वॉश फिरवणं म्हणजे उजळ भागांवर केलेली सगळी मेहनत पुसून टाकणं.

शेजारच्या रंगाचं महत्त्व बहुतेकांच्या लक्षात येत नाही. निळ्या कोटावर नारिंगी आपसूक पेटतो, तिथे थोडा जास्त मळवला तरी चालतो. १८१५ च्या वॉटर्लूच्या डच अधिकाऱ्यांचे कमरेचे पट्टे रंगवाल तेव्हा हे जाणवेल. कातडी बफ कोटावर दोन्ही रंग एकाच कुळातले, म्हणून कडेला गडद तपकिरी रेघ अत्यावश्यक. सगळ्यात अवघड काम लाल कोटाचं. ब्रिटनची ३५वी फूट ही पायदळाची पलटण १७५९ मध्ये क्वेबेकला लढली, तिच्या लाल कोटांना नारिंगी फेसिंग (कॉलर-बाह्यांवरचं वेगळ्या रंगाचं कापड) होतं. तिथे लालसर नारिंगी वापरलात तर कॉलर आणि बाह्यांच्या कडा कोटात बुडून जातात. अशा वेळी नारिंगी मुद्दाम पिवळ्याकडे न्या, कोटाचा लाल थोडा खोल ठेवा, आणि मध्ये जवळजवळ काळी भासेल अशी तपकिरी रेघ सोडा. कोट आणि पट्टा यांत आधी कोट पूर्ण करा. निळ्यावर चुकून लागलेला नारिंगी कोटाच्याच निळ्याने झाकता येतो. नारिंगीवर सांडलेला निळा झाकायला सगळे थर पुन्हा द्यावे लागतात.

पुढे १५ मिमीकडे वळलात तर यातलं बहुतेक सोडून द्या: ऑरेंज ब्राउन, त्यावर नारिंगीचा एक हात, खांद्यावर उजळ छटेचा एक ठिपका. त्या आकारात याहून जास्त काही वाचताच येत नाही.

आणि छापील कागदी झेंडे लावणार असाल तर नारिंगी-पांढऱ्या-निळ्या प्रिन्सेनफ्लाखच्या (डचांच्या 'राजपुत्राच्या झेंड्या'च्या) नारिंगी पट्टीची कापलेली कड पांढरी दिसेल. पट्ट्यांसाठी बनवलेल्या मधल्या छटेनेच ती कड रंगवा, आणि झेंड्याच्या वळ्यांवर तीच उजळ छटा हलक्या हाताने द्या, म्हणजे झेंडा आणि माणसं एकाच पलटणीची वाटतील. यासाठी सुरुवातीलाच मधली छटा रिकाम्या ड्रॉपर बाटलीत पुरेशी बनवून ठेवा, चिठ्ठीवर प्रमाण लिहून बाटलीला चिकटवा आणि त्याच चिठ्ठीवर त्या रंगाचा एक ठिपका वाळवून ठेवा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून पुढच्या वेळी जुळवाजुळव करायची ती त्या वाळलेल्या ठिपक्याशी.