‘वॉर्डरोब’ने लढाईचा खर्च कसा भागवला?

प्रश्न असा आहे: इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याबद्दल वाचताना ‘वेल्सच्या लढाईचा खर्च वॉर्डरोबने भागवला’ असं वाक्य आलं. कपड्यांच्या कपाटाने खर्च कसा भागवला, आणि मराठीत काय लिहायचं?

हे वॉर्डरोब म्हणजे राजाच्या खासगीकडचं अख्खं खातं. शब्द जुन्या फ्रेंचमधला: ‘वॉर्ड’ म्हणजे राखणं, ‘रोब’ म्हणजे वस्त्र. पण ‘रोब’चा मूळ अर्थ लूट, म्हणजे शत्रूच्या अंगावरून उतरवलेली वस्त्रंसुद्धा. इंग्रजीतला ‘रॉब’ त्याच कुळातला, आणि इटालियनमध्ये ‘रोबा’ म्हणजे सरळ चीजवस्तू. उंची कापड, फर, चांदीची भांडी ही त्या काळी मालमत्ताच होती. गहाण टाकता येई, इनाम देता येई, भांडी वितळवून नाणी पाडता येत. अशा वस्तूंच्या कोठीत रोकडही राहू लागली, यात नवल नाही.

राजा बारमाही फिरतीवर. वेस्टमिन्स्टरचं एक्स्चेकर, म्हणजे राज्याचा मुख्य खजिना, संथ चालीचं. वॉर्डरोब मात्र गाड्यांवर लादून राजाबरोबर जाई, त्यामुळे 1282-83च्या वेल्स मोहिमेत शिपायांचे पगार तिथूनच चुकते झाले. राजाची खासगी मोहोरही याच खात्याच्या कंट्रोलरकडे असे. पैसा आणि मोहोर एकाच ठिकाणी, तेही राजाच्या घरातल्या माणसांकडे! सरदारांना हे खुपणारच. 1311मध्ये त्यांनी पहिल्या एडवर्डच्या मुलावर, दुसऱ्या एडवर्डवर, लादलेल्या नियमांत जकातीचं उत्पन्न थेट एक्स्चेकरमध्ये भरावं आणि वॉर्डरोबचे अधिकारी सरदारांच्या संमतीने नेमावेत, असं बजावलं आहे. राजाच्या कोठीचा कारभारी कोण, यावरून राज्यात झगडा होत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मराठीत ‘वस्त्रागार’ लिहू नका. त्याने फक्त कपडे डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे ‘जामदारखाना’ आहे. फारसी ‘जामा’ म्हणजे वस्त्र, ‘जामदार’ म्हणजे ते राखणारा. आणि जामदारखान्यात वस्त्रांबरोबर जडजवाहीर ठेवता ठेवता शब्दाला खजिन्याचा अर्थ आला. अगदी वॉर्डरोबचीच वाट. वस्त्र आणि अधिकार यांचं नातंही आपल्याला परकं नाही: शाहू महाराजांनी 1720मध्ये बाजीरावांना दिली ती ‘पेशवाईची वस्त्रं’च. पहिल्या एडवर्डच्या पदरचे नाइट, म्हणजे घोडेस्वार योद्धेही, वर्षातून दोनदा राजाकडून वस्त्रं घेत.

तेव्हा ‘लढाईचा खर्च राजाच्या जामदारखान्यातून भागवला’ असं लिहा. पुढे लंडनच्या टॉवरमधलं ‘प्रिव्ही वॉर्डरोब’ भेटलं, तर तिथे मात्र ‘शिलेखाना’ हवं, कारण त्यात धनुष्यबाण आणि पुढे तोफा असत.