वाचकांचे प्रश्न : छोटी, वेगवान आणि चारही चाकांनी ओढणारी गाडी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच जातीच्या गाड्यांविषयी आहेत: आकाराने छोट्या, इंजिनाने दांडग्या आणि चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या. पत्रे तीन वेगवेगळ्या देशांतून आली असली, तरी त्यांचा धागा एकच असल्याने उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न (श्टुटगार्ट, जर्मनी) : मी मूळचा चिंचवडचा असून चार वर्षांपासून येथे नोकरी करतो. 2018 सालची, पाच दारांची आणि डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असलेली फोक्सवॅगन गोल्फ आर सेकंडहँड घ्यावी असे मनात आहे. गाडी 58,000 किलोमीटर चालली आहे. माझे ऑफिस घरापासून सात किलोमीटरवर आहे आणि घरी पत्नी व तीन वर्षांची मुलगी आहे. शर्यतीची गाडी संसारात नको, असे पत्नी म्हणते. माझे म्हणणे असे, की ऑल व्हील ड्राइव्ह असल्यामुळे येथल्या बर्फात हीच गाडी सर्वांत सुरक्षित ठरेल. आपले मत काय?

उत्तर : गाडी तुमच्या संसारात चांगली रुळेल, असे माझे मत आहे, मात्र तुम्ही दिलेले कारण बरोबर नाही, आणि त्याच्याशी मुलीची सुरक्षितता जोडलेली असल्याने आधी त्याविषयीच लिहितो.

या गाडीचे इंजिन बॉनेटखाली आडवे बसवलेले असून मुळात ते पुढच्या चाकांना ओढते. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) तोंडाशी तेलात बुडालेल्या क्लच प्लेट्सचा एक संच असतो, त्याला हाल्डेक्स कपलिंग म्हणतात. एक लहानसा विजेवर चालणारा पंप त्या तेलावर दाब आणतो, प्लेट्स एकमेकींवर आवळल्या जातात आणि मागच्या चाकांकडे ताकद जाऊ लागते. ओल्या चढावर गाडी उचलताना, किंवा बर्फ साचलेल्या पार्किंगमधून बाहेर पडताना याचा फायदा लगेच कळतो. ब्रेक लावल्यावर मात्र या यंत्रणेचा काही उपयोग होत नाही, कारण ब्रेक प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात, आणि गाडी शेवटी थांबते ती रस्त्याला टेकलेल्या, तळहाताएवढ्या चार रबरी जागांवर. वळणावर बाजूला घसरू न देण्याचे कामही त्याच चार जागांचे आहे. उलट या गाडीत एक वेगळा धोका असतो. साधी गाडी निघतानाच चाक जागच्या जागी फिरवून रस्ता निसरडा असल्याची सूचना देते, तर ही इतकी सहज निघते, की रस्ता किती घसरडा आहे हे पहिला ब्रेक लावेपर्यंत चालकाला समजतच नाही.

म्हणून गाडीच्या किमतीतच थंडीच्या टायरांचा पूर्ण संच धरा. बर्फ किंवा गोठलेला रस्ता असताना हिवाळी टायर वापरणे जर्मनीत कायद्याने बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर 2024 पासून त्यांच्यावर डोंगर व हिमकणाचे चिन्ह असणे आवश्यक आहे. नुसते ‘एम प्लस एस’ (चिखल व बर्फ) लिहिलेले टायर आता चालत नाहीत. ऑक्टोबर ते ईस्टर ही तिथली रूढ मुदत पाळलीत, तर पहिल्या बर्फाच्या दिवशी टायरवाल्याकडे रांगेत उभे राहावे लागणार नाही. उन्हाळी टायरचे रबर साधारण सात अंशांखाली कडक होत जाते, त्यामुळे बर्फ नसलेल्या कोरड्या सकाळीही हा फरक जाणवतो. नक्षीची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलीमीटर असली, तरी हिवाळी टायर 4 मिलीमीटरवर आले, की मी ते उतरवतो. थंडीसाठी 19 ऐवजी 18 इंची चाके घ्या. त्यांच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, थोडी उंच असल्याने खड्ड्यातला धक्का कमी बसतो आणि टायर स्वस्तही मिळतात.

आता सात किलोमीटरच्या अंतराविषयी लिहितो, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. दोन लिटरच्या या टर्बो इंजिनातून 300 ते 310 अश्वशक्ती निघते, आणि असे इंजिन गार तेलावर पिळले जाणे चांगले नाही. डॅशबोर्डवर तेलाचे तापमान दाखवणारे पान उघडून ठेवा. सुरुवातीला तिथे आकड्याऐवजी नुसत्या आडव्या रेघा दिसतात, कारण 50 अंशांखाली गाडी आकडा दाखवत नाही. पाण्याचा काटा 90 वर येऊन स्थिरावला, की अनेकांना इंजिन तापले असे वाटते, पण तेल त्यानंतरही बराच वेळ गारच असते. जानेवारीत तुमचे ऑफिस येईपर्यंत ते जेमतेम पुरेसे तापेल. तोवर इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या आत ठेवा आणि घराबाहेर उभी करून गाडी तापवत बसू नका. इंजिन विनाकारण चालू ठेवायला तिथे कायद्यानेच मनाई आहे. रोजच्या अशा छोट्या फेऱ्यांत न जळलेले पेट्रोल आणि ओल तेलात उतरत राहते. त्यामुळे दोन वर्षे किंवा 30,000 किलोमीटरपर्यंत चालणाऱ्या लाँगलाइफ वेळापत्रकावर न जाता तेल दरवर्षी बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. पेट्रोल 98 ऑक्टेनचे, म्हणजे पंपावर ‘सुपर प्लस’ लिहिलेले भरावे.

विकत घेण्यापूर्वी सर्व्हिसची कागदपत्रे मागवून त्यात एकच नोंद शोधा: हाल्डेक्सचे तेल दर तीन वर्षांनी बदलले आहे का. तेल बदलले असेल, तर पंप काढून त्याची जाळी साफ केली का, हेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी नुसते तेल काढून नवे भरले जाते. अशाच कपलिंगच्या एका जुन्या गाडीचा पंप माझ्यासमोर उघडला होता. नखाएवढ्या रुंदीच्या जाळीवर क्लच प्लेट्सची झीज काजळासारखी दाट बसली होती. मेकॅनिकने बोटाने पुसली, तेव्हा खालची जाळी दिसली. मालकाला डॅशबोर्डवर एकही दिवा दिसला नव्हता, आणि ती गाडी कितीतरी महिने नुसत्या पुढच्या चाकांवर चालत होती. तुम्ही पाहत असलेल्या गाडीचीही ही जाळी तपासून घ्या. हे काम इंजिन उघडण्याइतके मोठे नाही.

आता पत्नीच्या शंकेविषयी. मागच्या डिफरन्शियलमुळे साध्या गोल्फची 380 लिटरची डिकी या गाडीत 343 लिटरची होते. बाबागाडी आणि आठवड्याचे सामान तरीही मावते. मागे मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक आहेत. सस्पेन्शनचा कडकपणा बदलता येणारे डॅम्पर (धक्के शोषणारे भाग) नव्या गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय होता. तो असलेली गाडी मिळाली, तर थोडे जास्त पैसे मोजा, कारण मागच्या सीटवर झोपलेल्या मुलीला वेगापेक्षा त्याचाच उपयोग अधिक होईल. टेस्ट ड्राइव्हला दोघे जा आणि पत्नीला मागे बसवून दगडी फरसबंदीच्या रस्त्यावरून गाडी न्या. त्यानंतर त्या जे म्हणतील, ते माना.

प्रश्न (पुणे) : माझ्याकडे मर्सिडीज-एएमजी ए 35 सेदान आहे. पावसाळ्यात खड्ड्यात आपटून मागच्या एका टायरची साइडवॉल फाटली. टायरवाला म्हणतो एकच बदला, वर्कशॉप म्हणते चारही बदला. बाकीचे टायर अर्धे झिजले आहेत. कोणाचे ऐकू?

उत्तर : साइडवॉलला पॅच लावून गाडी चालवू नये, हे आधी स्पष्ट करतो. बाकीचा निर्णय मोजमापावर अवलंबून आहे. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण 8 मिलीमीटर असते. तुमचे टायर 4 वर आले असतील, तर नव्या आणि जुन्या टायरच्या त्रिज्येत 4 मिलीमीटरचा आणि परिघात सुमारे 25 मिलीमीटरचा फरक पडतो. दोन मीटरच्या परिघात हा फरक सव्वा टक्क्याचा होतो, म्हणजे एकच टायर बदलला, तर सरळ रस्त्यावरही मागची दोन चाके सतत वेगवेगळ्या गतीने फिरत राहतात. डिफरन्शियलला विश्रांती मिळत नाही, आणि मागच्या धुऱ्यापाशी असलेल्या बहुप्लेट क्लचला (वरच्या उत्तरातल्या हाल्डेक्ससारख्याच प्लेट्सच्या संचाला) त्यातला निम्मा फरक अखंड सोसावा लागतो. मागची जोडीच बदलली, तर डावे-उजवे जुळते, पण पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांतला फरक निम्म्याऐवजी पूर्ण होतो. साध्या गाडीत चालणारा हा तोडगा इथे उपयोगाचा नाही.

म्हणून आधी नक्षी मोजायचा गेज घेऊन चारही टायर तपासा. जुने टायर 6 मिलीमीटरच्या वर असतील, तर त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा एक टायर पुरेसा आहे. ते खरोखरच अर्धे झिजले असतील, तर वर्कशॉपचे म्हणणे खर्चाचे असले तरी योग्य आहे. नवे टायर घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. 2324 असेल, तर तो टायर 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे.

पुन्हा असे होऊ नये यासाठी हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी गार असताना तपासा. कमी हवेवर पातळ साइडवॉल खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिथेच फाटते. गतिरोधकांचे दुखणे मात्र तुमच्या हातात नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा. तसा तो असता, तर तुमच्या गाडीचे पोट क्वचितच घासले असते. सोसायट्यांच्या दारात डांबराचे जे अरुंद उंचवटे घातले जातात, त्यांच्याविषयी महापालिकेकडे लेखी तक्रार करणे मला आवश्यक वाटते, कारण त्यांचा त्रास रुग्णवाहिकेलाही तितकाच होतो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : माझी मॅन्युअल गिअरची सुबारू डब्ल्यूआरएक्स रस्त्यात बंद पडली. टोइंगवाला पुढची दोन चाके उचलून गाडी न्यायला निघाला होता. मी त्याला अडवले. माझे चुकले का?

उत्तर : अजिबात चुकले नाही. पुढची चाके हवेत स्थिर आणि मागची रस्त्यावर फिरती अशा अवस्थेत पुढच्या-मागच्या धुऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या डिफरन्शियलमधली व्हिस्कस कपलिंग (दाट द्रवातून ताकद पोचवणारी जोडणी) सतत घसरत राहते, तापते आणि काही मैलांतच निकामी होऊ शकते. शिवाय गाडी उचललेल्या चाकांवरून निसटण्याचाही धोका असतो. ही गाडी चारही चाके जमिनीपासून सुटलेल्या स्थितीतच न्यायची असते. त्यामुळे पुढच्या वेळी मदतीसाठी फोन कराल, तेव्हाच गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असल्याचे सांगा आणि सपाट पाठीचा फ्लॅटबेड ट्रक मागवा.