आर्कम नाइट थेट सुरू केला तर आधीच्या गेममधलं काय निसटेल?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सेलमध्ये बॅटमॅनचे तिन्ही आर्कम गेम (असायलम, सिटी आणि नाइट) घेतलेत, पण निपाणीत नेट रडतंय, मग आधी फक्त नाइट उतरवून खेळला तर चालेल का? आणि यूट्यूबवर 'लपलेले संदर्भ' म्हणून जे काय दाखवतात त्यातलं खरंच बघण्यासारखं कुठलं?

पहिल्याचं उत्तर: नको. नाइट कळेल, पण अर्धा फुकट जाईल. गेम सुरू होताच पहिलं बटण दाबायचं असतं ते एका प्रेताला अग्नी देण्यासाठी. सिटी संपवलेल्या माणसाला तिथं हात आखडतो, नवख्याला तो नुसता ट्युटोरियल वाटतो.

दुसऱ्यासाठी आधी एक चाळणी लावा. भिंतीवरची पोस्टरं, दुकानांच्या पाट्या, कुठल्या तरी इमारतीवर लेक्सकॉर्पचं (सुपरमॅनच्या शत्रूच्या कंपनीचं) नाव, हे सगळं सजावटीत मोडतं. व्हिडिओवाले अशा पन्नास गोष्टी दाखवतात, त्यातल्या चाळीस सोडून दिल्या तरी काही बिघडत नाही. मी संदर्भ म्हणतो तो एका गेममध्ये पेरून पुढच्या गेममध्ये उगवलेला. असे मोजकेच आहेत, पण पक्के आहेत.

सगळ्यात नावाजलेला असायलममधला. आर्कम मॅन्शनमध्ये वॉर्डन क्विन्सी शार्पचं ऑफिस आहे. तिथल्या टेबलाजवळच्या एका साध्या भिंतीमागं चोरखोली आहे. फोडता येणारी भिंत एरवी डिटेक्टिव्ह मोडमध्ये (बॅटमॅनच्या तपासाच्या खास नजरेत) वेगळी दिसते, ही दिसत नाही. इथंच लोक फसतात, कारण तोवर गेमनं आपल्याला त्या मोडवर डोळे मिटून विश्वास ठेवायची सवय लावलेली असते. शिवाय एक्स्प्लोसिव्ह जेल, म्हणजे बॅटमॅनकडचं भिंत फोडायचं स्फोटक, एकदा मारून भागत नाही. त्याच जागी तीनदा मारावं लागतं, तेव्हा भिंत पडते. एकदा मारून काही झालं नाही म्हणून परत फिरू नका. आत मिळते पुढच्या गेमची, म्हणजे आर्कम सिटीची, योजना आणि नकाशे. असायलम आला ऑगस्ट २००९ मध्ये. ही खोली जवळपास सहा महिने कुणालाच सापडली नाही, शेवटी गेम बनवणाऱ्या रॉकस्टेडीनं स्वतःच सांगून टाकलं. सिटी यायला ऑक्टोबर २०११ उजाडला.

खोली फोडण्याआधी असायलमच्या बेटावर विखुरलेले आर्कमचे शिलालेख शोधून स्कॅन करत चला. ते लिहिणारा कोण हे शेवटी कळतं, आणि मग ही योजना नेमकी त्याच ऑफिसात का, ते आपोआप जुळतं.

दुसरा धागा स्केअरक्रोचा, म्हणजे माणसाला भीतीचे भास घडवणाऱ्या खलनायकाचा. नाइटचा मुख्य खलनायक तोच, पण त्याची सुरुवात असायलममध्ये आहे. तिथं तो तीनदा भ्रमात ढकलतो. तिसऱ्या वेळी चित्र अडखळतं, आवाज फाटतो आणि गेम हँग होऊन पहिल्यापासून सुरू झाल्यासारखा वाटतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट डुलते, त्यामुळे पहिला संशय यूपीएसवर किंवा ग्राफिक्स कार्डवर जातो. रिस्टार्ट मारू नका, ती गेमचीच थट्टा आहे. सुरुवातीचाच प्रसंग उलटा होऊन येतो: गाडी जोकर चालवत असतो आणि मागं बांधलेला असतो बॅटमॅन. मग मरण्याचा पडदा येतो आणि खाली सल्ला असतो की जोकरची गोळी चुकवायला मधली स्टिक वापरा. कंट्रोलरला मधली स्टिक नसतेच.

पुढं गटारात मगरीसारखा खलनायक किलर क्रॉक स्केअरक्रोला पाण्यात ओढून नेतो, आणि मेला असं आपण समजतो. गेम संपल्यावर नावांची यादी संपेपर्यंत थांबा. पाण्यातून एक हात वर येऊन टायटनची (माणसाला राक्षसी ताकद देणाऱ्या रसायनाची) पेटी धरतो. हा हात स्केअरक्रोचा, बेनचा किंवा क्रॉकचा, तिघांपैकी कुणाचाही असू शकतो. तुमच्याकडे बेनचा आला आणि मित्राकडे स्केअरक्रोचा, तर दोघंही बरोबर.

सिटीमध्ये स्केअरक्रो एकदाही समोर येत नाही, पण आहे. इंडस्ट्रियल डिस्ट्रिक्टच्या पाण्याकडेला एक बोट लागलेली आहे. तिचं दार क्रिप्टोग्राफिक सिक्वेन्सरनं (बॅटमॅनकडच्या कुलपं आणि रेडिओ लहरी पकडायच्या यंत्रानं) उघडावं लागतं, पासवर्ड 'सिटी ऑफ टेरर'. आत किडे आणि प्रयोगासाठी बांधून ठेवलेला माणूस. सिक्वेन्सर नुसता फिरवत बसलात तर आकडे वाचणारं एक प्रसारणही लागतं. ते आकडे अक्षरांत उलगडले की तीन वाक्यं निघतात: भीती गॉथमच्या चिंधड्या उडवेल, मी परत येईन, तू माझं जे केलंस त्याची किंमत मोजशील. नाइटची सगळी कथा चार वर्षं आधीच इथं सांगून ठेवली होती. मला चोरखोलीपेक्षा हे जास्त आवडतं. खोलीत नुसते कागद आहेत, इथं माणूस बोलतो.

तिसरा धागा सणावारी खून करणाऱ्या कॅलेंडर मॅनचा, आणि तो बघायचा तर तुम्हाला कॉम्प्युटरच्या घड्याळात हात घालावा लागेल. असायलममध्ये त्याची नुसती कोठडी आहे, कॅलेंडरच्या पानांनी भरलेली. सिटीमध्ये तो स्वतः भेटतो, सॉलोमन वेन कोर्टहाउसच्या तळघरात गजांआड. वर्षातल्या ठरावीक बारा दिवशी (१ जानेवारी, १४ फेब्रुवारी, १ एप्रिल, ३१ ऑक्टोबर, २५ डिसेंबर वगैरे) गेलात तर तो प्रत्येक वेळी वेगळ्या खुनाची गोष्ट सांगतो. गेम तारीख बघतो ती तुमच्या मशीनची. बाराही ऐकल्या की 'स्टोरीटेलर' अचीव्हमेंट मिळते. तो हिशोबाचा खेळ आहे, हवा तर खेळा. मदर्स डे, फादर्स डे यांच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून साल २०११ ठेवलं तर गोंधळ होत नाही. त्या साली ते ८ मे आणि १९ जूनला होते, अमेरिकेचा लेबर डे ५ सप्टेंबरला आणि थँक्सगिव्हिंग २४ नोव्हेंबरला.

धाग्यासाठी मात्र एकच तारीख पुरते: १३ डिसेंबर २००४. त्या दिवशी रॉकस्टेडी कंपनी स्थापन झाली. ही तारीख लावून गेलात तर तो सांगतो की तुझ्या सुरुवातीला मी होतो, तुझ्या शेवटालाही असेन.

विंडोजवर हे असं करा. गेम बंद करा. स्टीममध्ये (गेम ज्यावर घेतात त्या ॲपमध्ये) त्या गेमच्या प्रॉपर्टीजमधून क्लाउड सेव्ह बंद करा, नाहीतर जुन्या तारखेची सेव्ह फाइल आणि क्लाउडवरची फाइल यांचं भांडण लागतं आणि चुकीची निवडलीत तर प्रगती पुसली जाते. मग स्टीम ऑफलाइन करा. हे तारीख बदलायच्या आधी करायचं, कारण २००४ साली आजचं सुरक्षा प्रमाणपत्र वैध ठरत नाही आणि लॉगिन अडतं. ब्राउझरही त्याच कारणानं ओरडेल, घाबरू नका. आता सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मधून आपोआप वेळ लावणं बंद करा, हातानं तारीख घाला, मग गेम सुरू करा. काम झालं की उलट्या क्रमानं सगळं पूर्ववत. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ॲडमिन परवानगीशिवाय तारीख बदलणार नाही. जुना असेंबल केलेला पीसी असेल आणि लाइट गेल्यावर तारीख आपोआपच मागं जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो आधी बदला, नाहीतर कॅलेंडर मॅन भलत्याच दिवशी गाठ घालेल.

आता नाइट. मुख्य कथा संपवून सात मोस्ट वॉन्टेड (साइड) मिशनं झाली की नाइटफॉल प्रोटोकॉल, म्हणजे गेमचा शेवट, सुरू करता येतो. बॅटमॅन वेन मॅनरवर, म्हणजे स्वतःच्या घरी, उतरतो तेव्हा फाटकाशी पत्रकारांची गर्दी आहे. बॅटमॅनकडं बघू नका, गर्दीकडं बघा. टक्कल आणि त्यावर गोलाकार गोंदलेली अक्षरं असलेला एक माणूस गप्प उभा आहे. शब्द पाळला कॅलेंडर मॅननं. यासाठी कोडी घालणाऱ्या रिडलरच्या २४३ भानगडी पूर्ण करायची गरज नाही, त्या फक्त अगदी शेवटच्या जादा तुकड्यासाठी लागतात.

चेहरे चोरणाऱ्या हशचं थोडक्यात सांगतो. सिटीमधलं 'आयडेंटिटी थीफ' हे साइड मिशन टाळू नका. नाइटमध्ये वेन टॉवरला जे घडतं ते चार-पाच मिनिटांचंच आहे, आणि चेहऱ्यांची ती चोरी आधी पाहिलेली नसेल तर ते डोक्यावरून जातं. अझ्राएल या पात्राचंही तसंच. सिटीत भिंतींवरची चिन्हं शोधून त्याचं भाकीत ऐकलं असेल तर नाइटमधल्या त्याच्या मिशनला वजन येतं.

जिथं पेरणी कमी पडली तेही सांगायला हवं. नाइटचं सगळ्यात मोठं कोडं म्हणजे मुखवट्यामागचा आर्कम नाइट कोण, आणि नेमकी त्याचीच आधीच्या दोन गेममध्ये जवळजवळ काही तयारी नाही. बोटीतल्या किड्यांवर एवढी मेहनत घेणाऱ्यांनी इथं हात का आखडला कुणास ठाऊक.

म्हणून क्रम असा ठेवा: असायलम, सिटी, नाइट. २०१३ चा ओरिजिन्स कथेत सगळ्यांच्या आधी येतो, पण तो दुसऱ्या स्टुडिओनं, डब्ल्यूबी माँट्रियलनं, दोन गेम झाल्यावर केलाय आणि ते दोन माहीत आहेत असं धरून चालतो. सिटीनंतर हवा तर घ्या. त्यातही सुरुवातीलाच ब्लॅकगेट तुरुंगात कॅलेंडर मॅनला मृत्युदंडासाठी गॅस चेंबरमध्ये नेलेलं दिसतं.

डाउनलोडचं म्हणाल तर असायलमपासून सुरू करणंच सोयीचं. नाइट ४५ जीबी जागा मागतो, असायलम त्याच्या पावपटही नाही. बेळगावात टिळकवाडी-शहापूरकडं कुणा पाहुण्याकडं फायबर असेल तर तिथं तुमच्या अकाउंटवर उतरवून घ्या, स्टीमॲप्सच्या कॉमन फोल्डरमधला गेमचा फोल्डर हार्डडिस्कवर आणा, घरी त्याच जागी ठेवा आणि इन्स्टॉल दाबा. स्टीम आधी असलेल्या फाइल तपासून उरलेलं तेवढंच ओढतं. हार्डडिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सएफएटी ठेवा.

आणि २०२२ चा गॉथम नाइट्स या मालिकेचा पुढचा भाग समजून घेऊ नका, नाव सारखं असलं तरी त्याची कथा वेगळी आहे. या कथेला जोडलेले, अलीकडचे दोन म्हणजे २०२४ चा सुइसाइड स्क्वॉड आणि त्याच वर्षीचा आर्कम शॅडो. शॅडो ओरिजिन्स आणि असायलम यांच्या मधल्या काळात घडतो, पण त्याला मेटा क्वेस्ट ३ किंवा ३एस हा व्हीआर हेडसेट लागतो, पीसीवर तो येत नाही.