काल्पनिक राज्याचा नकाशा संगणकावर करताना डोंगर आणि नद्या खऱ्या वाटाव्यात, यासाठी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीसाठी एका काल्पनिक राज्याचा नकाशा हवा आहे. इंकार्नेट या नकाशे काढायच्या वेबसाइटवर डोंगरांचे तयार शिक्के मारून पाहिले. चित्र देखणं झालं, पण प्रदेश खरा वाटत नाही, आणि नद्या कुठून कुठे न्याव्यात ते कळत नाही. शक्यतो फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हावं.

शिक्के मारताना आपण डोंगराचं चित्र काढतो, पण त्याची उंची कुठेच साठवलेली नसते. मग उतार कुणीकडे आहे हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नसतं. म्हणून आधी फक्त उंचीचा नकाशा करायचा आणि नद्या, सावल्या, पाऊस, रस्ते हे सगळं त्यातून काढायचं. नदी हाताने काढायचीच नाही, हा माझा हट्ट आहे. लागणारी सॉफ्टवेअरं चार: उंची रंगवायला गिम्प, पाण्याने जमीन कापायला विल्बर, नद्या आणि छायांकन काढायला क्यूजीआयएस आणि शेवटी नावं बसवायला इंकस्केप. चारही मोफत आहेत, फक्त विल्बर विंडोजवरच चालतं.

पहिल्यांदा प्रमाण ठरवा. ए-३ कागदावर ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर ४९६० × ३५०८ पिक्सेल लागतात. एक पिक्सेल म्हणजे २०० मीटर धरलं तर प्रदेश ९९२ किमी रुंद आणि साधारण ७०२ किमी उंच होतो, म्हणजे समुद्र धरून जवळजवळ सात लाख चौरस किमी. महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किमी आहे, त्यावरून अंदाज घ्या. पायी माणूस दिवसाला २५ किमी चालला तर एक मुक्काम १२५ पिक्सेलवर येतो आणि राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस दिवस लागतात. कथेत नायक चार दिवसांत पोहोचत असेल तर आत्ताच पिक्सेल लहान धरा. नंतर प्रमाण बदललं की डोंगरांची जाडी, नद्यांची दाटी, सगळंच चुकतं.

आता गिम्प. सुरुवात मोठ्या चित्राने करू नका, चौथाई आकार घ्या: १२४० × ८७७, म्हणजे एक पिक्सेल ८०० मीटर. कारण पुढे येईल. चित्र ग्रेस्केल (फक्त काळ्या-पांढऱ्या छटांचं) ठेवा आणि इमेज – प्रिसिजनमध्ये १६ बिट इंटिजर निवडा. सगळ्यात जास्त नकाशे इथे बिघडतात. ८ बिटमध्ये करड्या रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. ४००० मीटरची उंची त्यात बसवली की एक पायरी जवळजवळ १६ मीटरची होते आणि सपाट मैदानात भातखाचरासारखे बांध दिसू लागतात. १६ बिटमध्ये हीच पायरी सहा सेंटिमीटरची होते. गॅमाच्या (करड्या छटा आकड्यांत कशा साठवायच्या त्या) पर्यायात पर्सेप्च्युअल निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. अधेमधे लिनिअर केलंत तर सगळ्या उंच्या सरकण्याचा धोका असतो.

उंचीचं कोष्टक मी असं धरतो: पूर्ण काळा म्हणजे उणे १००० मीटर, पूर्ण पांढरा म्हणजे ३००० मीटर. मग समुद्रसपाटी बरोबर २५ टक्क्यांवर येते आणि पुढे दर १० टक्क्यांना ४०० मीटर चढतात. म्हणजे ६०० मीटरचं पठार ४० टक्के करडं. कळसूबाई १६४६ मीटर आहे, तेव्हा तेवढं शिखर जेमतेम ६६ टक्के. नवखा माणूस डोंगर म्हटला की पांढराशुभ्र रंगवतो आणि मग प्रत्येक टेकडी हिमालय होते. रंग निवडताना एचएसव्ही या रंगमोजणीच्या पद्धतीतला व्ही (उजळपणा) हा आकडा पाहा. एलसीएच या दुसऱ्या पद्धतीतला एल वेगळा असतो, तो २५ ठेवलात तर समुद्रसपाटी चुकेल.

डोंगररांग दोन्ही बाजूंना सारखी उतरती काढू नका. त्यासाठी आपला सह्याद्रीच नजरेसमोर ठेवा. पश्चिमेला कोकणाची चिंचोळी पट्टी, मग दहा-पंधरा किलोमीटरांत सात-आठशे मीटरचा कडा, आणि माथ्यावरून पूर्वेला शेकडो किलोमीटर मंद उतार. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते, तिथून अरबी समुद्र ऐंशी किमीच्या आसपास, तरी ती १४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते. हे गणित तुमच्या चित्रात असं बसतं: किनारपट्टी ६० पिक्सेल, चढ १५ पिक्सेल, आणि पलीकडचा उतार थेट दुसऱ्या कडेपर्यंत ग्रेडियंट टूलने. एवढ्यानेच प्रदेशाला स्वभाव येतो: पश्चिमेला आखूड, धावत्या नद्या आणि पूर्वेला लांब, संथ.

त्यावर खडबडीतपणा हवा. नवीन लेअरवर (थरावर) नॉइज, म्हणजे यादृच्छिक चढउतार, टाका: फिल्टर्स – रेंडर – नॉइज – सॉलिड नॉइज, डिटेल १५, एक्स आणि वाय आकार ६ ते ८, आणि लेअरची ओपॅसिटी १५ ते २० टक्के. पण हा नॉइज सगळीकडे सारखा पसरला की मैदानंही गाठाळ होतात. म्हणून त्या लेअरला मास्क (लेअर कुठे किती दिसावा ते ठरवणारं करडं चित्र) लावा आणि मास्कमध्ये तुमच्याच उंचीच्या चित्राची प्रत टाका. उंच भागात जास्त, सखल भागात कमी. निर्यात करताना पीएनजीचा पिक्सेल प्रकार १६ बिट ग्रे निवडा. ग्रे-अल्फा निवडलात तर पुढे दोन बँडची (आकड्यांच्या दोन थरांची) फाइल होते आणि गोंधळ सुरू होतो.

इथवर झालेला डोंगर मळलेल्या कणकेसारखा दिसतो, कारण पाण्याने तो अजून कापलेला नाही. ते काम विल्बरचं. पीएनजी सरफेस म्हणून फाइल उघडा आणि आधी फक्त जमीन सिलेक्ट करा, नाहीतर समुद्रतळावरचे खड्डेही भरले जातील. मग फिल बेसिन्स, म्हणजे निचरा नसलेले खड्डे काठोकाठ भरणं. भरलेली जागा आरशासारखी सपाट होते आणि तिच्यावरून नदी फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ जाते. सरळसोट नद्यांची तक्रार जिथे तिथे ऐकू येते, तिचं कारण हेच. उपाय सोपा आहे: भरल्यावर एक-दोन टक्के नॉइज टाका, पुन्हा फिल बेसिन्स चालवा, आणि मगच इन्साइज फ्लो. इन्साइज फ्लो पाणी वाहवून दऱ्या कापतं. एकाच फटक्यात जोर लावू नका, कमी तीव्रतेने तीन-चार फेऱ्या करा. शेवटी थोडं प्रेसिपिटॉन, त्याने उतार धुतल्यासारखे दिसतात.

आता चित्र दुप्पट करा: २४८० × १७५४. नॉइज, भरणं, कापणं पुन्हा, पण या वेळी नॉइज निम्मा. मग आणखी एकदा दुप्पट, ४९६० × ३५०८, आणि तोच क्रम. लहानापासून सुरुवात करायची ती यासाठी: मोठ्या नद्यांची खोरी पहिल्या फेरीत ठरतात, ओढे-नाले शेवटच्या. थेट मोठ्या आकारावर केलं तर हजारो सारख्याच घळी पडतात आणि मुख्य नदी कुठली ते ओळखू येत नाही.

साठवलेली फाइल क्यूजीआयएसमध्ये घेण्याआधी तिला जागेवर बसवावं लागतं. पीएनजीच्याच नावाची, पण पीजीडब्ल्यू हे एक्स्टेन्शन असलेली साधी टेक्स्ट फाइल करा आणि तिच्यात एकाखाली एक सहा आकडे लिहा: २००, ०, ०, -२००, १००, ७०१५००. फाइलमध्ये अंक अर्थातच इंग्रजी हवेत आणि स्वल्पविराम नकोत. पहिला आणि चौथा आकडा पिक्सेलचा आकार, शेवटचे दोन म्हणजे डाव्या वरच्या पिक्सेलच्या मध्याचं स्थान. प्रोजेक्टला मीटरमध्ये मोजणारी कुठलीही सीआरएस (निर्देशांकांची पद्धत) द्या आणि प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये एलिप्सॉइडच्या जागी नन किंवा प्लॅनिमेट्रिक निवडा. हे विसरलं तर क्यूजीआयएस खऱ्या पृथ्वीची गोलाई हिशेबात धरतं आणि मोजलेली अंतरं चुकतात.

मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (पिक्सेलांच्या चित्रावर, म्हणजे रास्टरवर, गणित करणाऱ्या टूलमध्ये) पिक्सेलची किंमत × ४००० ÷ ६५५३५ − १००० केलं की करड्या रंगाचे मीटर होतात. थांबून किनारा तपासा. साठवताना काळ्या-पांढऱ्याची कक्षा ताणली गेली असेल तर शून्य मीटरची रेषा मूळ किनाऱ्यापासून सरकलेली दिसेल. तेवढा फरक सूत्रातल्या १००० मध्ये कमी-जास्त करा. शिखरांची उंचीही चुकलेली असेल तर ४००० हा आकडाही बदलावा लागेल.

छायांकनासाठी हिलशेड, म्हणजे उतारांवर एका दिशेने प्रकाश टाकल्यासारखं चित्र काढणारं टूल. प्रकाशाची दिशा ३१५ अंश आणि उंची ४५ अंश, हे मुळातच भरलेले आकडे राहू द्या. आपल्याकडे ऐन दुपारी वायव्येला सूर्य नसतो, हे खरं. पण प्रकाश खालून किंवा उजवीकडून आला की डोळा फसतो आणि दरीचा डोंगर दिसतो. झेड फॅक्टर (उंची किती पट वाढवून धरायची तो आकडा) मात्र १ ठेवू नका. २०० मीटरच्या पिक्सेलला खरी उंची फिकी दिसते, ३ ते ५ लागतो. हा थर वर ठेवून ब्लेंडिंग मोड मल्टिप्लाय करा आणि खाली उंचीचे रंग. रंगांच्या पायऱ्या सारख्या अंतराने पाडू नका, बहुतेक जमीन सखलच असते: ०, ५०, १५०, ३००, ६००, १०००, १८००. आणि सखल भाग हिरवा दाखवण्याची शाळेच्या नकाशातली सवय सोडा, वाचक हिरव्याचा अर्थ जंगल असाच घेतो. पिवळसर, मातकट छटा बऱ्या.

नद्यांसाठी प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ग्रास या जोड-सॉफ्टवेअरचं आर डॉट वॉटरशेड (r.watershed) आहे. आधी समुद्र काढून टाका: उंची ÷ (उंची > ०) असं कॅल्क्युलेटरमध्ये केलं की समुद्राच्या जागी नोडेटा (रिकामी जागा) येतो. नाहीतर समुद्रातही नद्या उमटतात. थ्रेशोल्ड म्हणजे किती पिक्सेलांचं पाणलोट क्षेत्र जमलं की नदी दाखवायची. एक पिक्सेल ०.०४ चौरस किमी, तेव्हा २५,००० म्हणजे १००० चौरस किमी. एकदा २५,००० आणि एकदा २,५०,००० देऊन दोन थर करा, पहिला बारीक रेषेने, दुसरा जाड. मग पिक्सेलांची नदी बारीक करायला आर डॉट थिन, तिची रेषा करायला आर डॉट टू डॉट व्हेक्ट, आणि पायऱ्यापायऱ्यांची रेषा स्मूद टूलने दोन-तीन फेऱ्यांत मऊ. अशा नद्या फाटे फोडत नाहीत, फक्त एकमेकींना मिळतात, आणि सरोवरातून पाणी एकाच जागेने बाहेर पडतं. त्रिभुज प्रदेश हवा असेल तर मुखापाशी तेवढाच हाताने काढावा लागेल, हा माझ्या हट्टाला एकमेव अपवाद. लोणारसारखं निचरा नसलेलं खारं सरोवर हवं असेल तर डिप्रेशनच्या खान्यात त्याचा रास्टर द्या, नाहीतर हे टूल त्यातूनही वाट काढतं.

पावसासाठी एक जुगाड. वारा म्हणजेच प्रकाश समजा आणि वाऱ्याच्या दिशेने, १५ अंश उंचीवरून आणखी एक हिलशेड करा. उजळ उतार ते पावसाचे. पण हिलशेड फक्त त्या त्या जागेचा उतार पाहतं, लांबवर पडणारी सावली मोजत नाही. त्यामुळे पर्जन्यछायेचा पट्टा तुम्हालाच रंगवावा लागेल. तो किती तीव्र असू शकतो, तर एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशे.

गावं मग आपोआप सुचतात: संगमावर, खाडीच्या मुखाशी, घाटाच्या पायथ्याला आणि माथ्यावर. कल्याण आणि जुन्नर यांना नाणेघाट जोडत होता, तशी जोडी प्रत्येक खिंडीला लागते. रस्त्यांसाठी आर डॉट वॉक चढ-उतार धरून चालण्याचा वेळ काढतं. त्याच्या निकालावर आर डॉट ड्रेन चालवलं की सगळ्यात कमी वेळाची वाट मिळते.

राहिली नावं, आणि देवनागरीत खरी डोकेदुखी तिथेच. इंग्रजी नकाशांत डोंगररांगेचं नाव अक्षरं सुटी करून लांबवर पसरतात. तसं मराठीत केलं की शिरोरेखा तुटते. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, लांबी हवी तर शब्दांमध्ये जागा सोडा. नदीच्या वळणावर नाव बसवायचं असेल तर अक्षरं वेगवेगळी फिरवली जातात आणि रेषेला खाचे पडतात. यासाठी इंकस्केपमध्ये आधी नाव टाइप करा, पाथ – ऑब्जेक्ट टू पाथ, मग युनियन, आणि त्या आकाराला पाथ इफेक्टमधला बेंड लावा. आता पूर्ण शब्दच वाकतो आणि शिरोरेखा अखंड राहते. युनियन केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मूळ मजकुराची एक प्रत बाजूला लपवलेल्या लेअरवर ठेवा. फॉन्ट मराठी वळणाच्या ल आणि श चा घ्या, तिरो देवनागरी मराठी चांगला आहे. क्यूजीआयएसच्या लेआउटमधून पीडीएफ काढताना टेक्स्ट पाथच्या रूपात निर्यात करण्याचा पर्याय निवडा, म्हणजे छापखान्यातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत.