सूट नको, बियाण्याचे पैसे बियाण्यालाच राहू द्या

दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. ‘साहेब, पोरगा बी.एस्सी. कृषी झाला. पुढच्या आठवड्यात नागपूरले बियाण्याच्या कंपनीत फील्ड ऑफिसरसाठी मुलाखत हाय. त्याचे दोस्त म्हणतात सूट-टाय पाहिजेच. सहा हजाराच्या खाली भेटत नाही. बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशातून घेऊ का? घरी लग्नातला एक शर्ट हाय, जोडे नाहीत. हातात देवाचा दोरा हाय, तो काढावा का?’

भाऊ, नमस्कार.

सूट घेऊ नका. मे महिन्यात नागपुरात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. बसस्टँडवरून ऑफिसात पोचेपर्यंत कोटाच्या आत पोरगा भिजून जाईल. बँकेतली मोठी पदं, हॉटेलची नोकरी, तिथं कोट-टायला अर्थ असतो. फील्ड ऑफिसरला मात्र शेतकऱ्याच्या धुऱ्यावर उभं राहून बोलायचं असतं. स्वच्छ, इस्त्रीचा शर्ट-पँट आणि पायात जोडे, एवढा पोशाख तिथं पुरेसा आहे.

माझ्या पहिल्या मुलाखतीला मी मामांचा कोट घालून गेलो होतो. बाह्या बोटांपर्यंत यायच्या. सगळा वेळ मी त्या मागं सारत राहिलो. कपाशीत तुरीच्या ओळी का घेता, असा साधा प्रश्न आला. आमच्या वावरात दरवर्षी तूर असायची, तरी उत्तर अर्धवट दिलं, कारण लक्ष मनगटाकडं होतं. ते अजून सलतं. म्हणून सांगतो, ज्या कपड्याकडं खुर्चीत बसल्यावर हात जाणार नाही तोच घालायचा.

लग्नातला शर्ट चमकणारा असेल तर तो राहू द्या. पांढरा किंवा अगदी फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या. फिकट निळ्या आणि राखाडी कापडावर घामाचे डाग लगेच उठून दिसतात, पांढऱ्यावर तितके दिसत नाहीत. आत सुती बनियन हवंच. निव्वळ सुती शर्ट घाम टिपतो पण चुरगळतो, म्हणून सुती-पॉलिस्टर मिश्र कापड प्रवासाला बरं. पँट गडद निळी किंवा गडद राखाडी. काळीवर आपल्याकडची धूळ फार दिसते. जीन्स नको.

पैसे घालायचेच असतील तर जोड्यांत घाला. साधे काळे, लेसचे. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हाचं माप खरं. आणल्यावर रोज तासभर मोजे घालून घरात वापरू द्या. नवे जोडे टाचेला चावतात आणि पोरगा लंगडतच आत जातो, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. कोणाचे मागून आणलेले असतील तर मापाचेच हवेत. पट्टा काळा.

नागपुरात तुमची मेहुणी राहते असं लिहिलंत, तर आदल्या दिवशीच पाठवा. सकाळच्या एसटीनं चार-पाच तास बसून थेट मुलाखतीला जाणं उन्हाळ्यात जमणारं नाही. प्रवासात जुने कपडे घालावेत. मुलाखतीचा शर्ट बटणं लावून, मधे वर्तमानपत्र ठेवून घडी करावा आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवावा. कॉलर आणि बाह्यांची टोकं तिकडं पुन्हा इस्त्री करून घ्यावीत. डोक्याला दुपट्टा बांधून जाऊ द्या, ऊन आहे. ऑफिसच्या दारात तो सोडून बॅगेत ठेवायचा आणि तोंड धुऊन, केस विंचरून आत जायचं. खिशात कांदा ठेवायची आपली रीत आहे. तो कांदा त्या दिवशी बॅगेत असू द्या, बंद खोलीत त्याचा वास येतो.

देवाचा दोरा काढायची गरज नाही. नवा, स्वच्छ बांधा. पूर्ण बाहीखाली तो राहतो, आणि दिसला तरी त्यानं काही बिघडत नाही.

दाढी केलेली असावी, किंवा ठेवली असेल तर नीट कापलेली. नखं मात्र तुम्ही स्वतः पाहा. कागद पुढं करताना पहिली नजर हातावर जाते. वावरातल्या कामानं हात राठ झाले असतील तर ते लपवू नका म्हणावं, या नोकरीत ते चांगलंच दिसतं. नखांत माती तेवढी नको.

आता कपड्यांपेक्षा जास्त वेळ ज्याला द्यायचा ते. त्याला गुलाबी बोंडअळी, म्हणजे कपाशीची बोंडं आतून खाणारी अळी, विचारतील, हे धरून चाला. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, हे पुस्तकातलं त्याला येत असेल. २०१७ साली आपल्या भागात बोंडं किडली तेव्हा तुमच्या वावरात काय झालं, ते तुम्ही त्याला सांगा. ते त्याच्या तोंडून आलं तर समोरचे लक्ष देऊन ऐकतील.

रविवारी त्याला पूर्ण पोशाख घालून, जोड्यांसकट, ओसरीत खुर्चीवर बसवा आणि अर्धा तास बोलतं करा. बसल्यावर पोटाजवळचं बटण ताणतं का, पँट वर चढून मोज्याच्या वर पाय दिसतो का, हे पाहा. काही शिवून घ्यायचं निघालं तर सोमवारी सकाळीच टेलरकडं टाका. लग्नसराई आहे, ऐन वेळी तो देणार नाही.