हापूसच्या कलमावर मोहोराऐवजी पालवी का आली?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: परसातल्या जुन्या हापूस कलमाने गेल्या वर्षी फांद्या वाकेपर्यंत आंबे दिले. यंदा डिसेंबर अर्धा सरला तरी मोहोर नाही, उलट अर्ध्याहून जास्त झाडावर तांबूस पालवी लवलवतेय. खत कमी पडलं का, आता कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) घालू का, असं तुम्ही विचारलंय.

कलमाला काही झालेलं नाही, काळजी करू नका. यंदा पाऊस कधी थांबला ते मात्र आठवा.

हापूसला मोहोर यायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: फांदीच्या टोकाची पानं जून, म्हणजे पक्की झालेली हवीत आणि रात्री गारठा हवा. थंडीची चाहूल पानांना लागते आणि मोहोर धरण्याचा इशारा पानांकडूनच टोकाच्या डोळ्याला, म्हणजे न उमललेल्या कोंबाला जातो. कोवळी पालवी हे काम करू शकत नाही. पावसाळा वेळेवर संपला, जमीन सुकली, की झाडाची वाढ थांबते आणि नोव्हेंबरच्या थंडीत डोळे फुगतात. पाऊस लांबला तर झाड वाढतच राहतं. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर क्यार आणि पाठोपाठ महा वादळ आलं, तेव्हा आमच्याकडे देवगडच्या बाजूला हेच झालं. सगळीकडे पालवी, आणि मोहोर खूप उशिरा.

त्यात गेल्या वर्षीचा भार. ज्या फांद्यांनी आंबे पोसले त्यांना पुढची पालवी काढून ती जून करायला वेळच मिळत नाही. हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो तो यामुळेच.

आता एक करा. सकाळी शिडी लावून पालवी न आलेल्या फांद्यांची टोकं जवळून बघा. डोळा बारीक, टोकदार असेल तर पालवी येणार. गोलसर, टपोरा असेल तर मोहोर. कधीकधी मोहोराच्या दांड्यावरच छोटी पानंही दिसतात. डोळा फुटत असताना मध्येच थंडी पळाली की असं होतं. मला हे दृश्य दर वेळी थक्क करतं, आठवडाभराचं हवामान एका दांड्यावर लिहिलेलं असतं.

थंडी जितकी जास्त तितकं चांगलं, असंही नाही. मोहोर वाढताना कडाका पडला तर नर फुलं जास्त येतात, संयुक्त फुलं (नर-मादी दोन्ही भाग असलेली) कमी, आणि फळ फक्त संयुक्त फुलालाच धरतं. गारठ्यात माश्या-मधमाश्याही कमी फिरतात. म्हणून झाडभर मोहोर बघून आंबे मोजायला बसू नये. मळभ आलं, हवा दमट झाली, की तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे छोटे किडे) आणि भुरी (पांढरी बुरशी) येतात. पानं चिकट, चकचकीत दिसू लागली तर तुडतुडे आलेच समजा.

आणखी एक धोका जानेवारी-फेब्रुवारीत असतो. फळं वाटाण्याएवढी झाली असताना पुन्हा कडाक्याची थंडी पडली तर त्याच फांदीवर दुसरा मोहोर येतो आणि आधीची फळं गळतात. हा पुनर्मोहोर हापूसवाल्यांचं फार मोठं नुकसान करतो.

कल्टारचं म्हणाल तर ते जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घालायचं असतं. आता घालून उपयोग शून्य. परसातल्या एकाच कलमाला मी तर पावसाळ्यातही घालणार नाही. खतही आता नको, आणि पाणी तर अजिबात नको. एका नोव्हेंबरमध्ये कलम सुकल्यासारखं वाटलं म्हणून मी पंधरा दिवस पाणी दिलं होतं. पाटाकडची बाजू पालवीने भरली, कोरड्या बाजूला मोहोर आला. एकाच झाडावर! ते मी अजून विसरलेलो नाही. फळं वाटाण्याएवढी झाली की मग पंधरा दिवसांच्या अंतराने १५० ते २०० लिटर पाणी द्या, तीन वेळा, आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करा.

आत्ताची पालवी जून व्हायला तीन-चार महिने जातील, तिच्याकडून यंदा फार अपेक्षा नको. पण ती तोडू नका, पुढच्या वर्षीचा मोहोर तिच्यावरच यायचा आहे. जून पानांच्या फांद्यांवर मात्र थंडी टिकली तर जानेवारीतही मोहोर येऊ शकतो. त्या टोकांचा जवळून काढलेला फोटो टाका, डोळा कुठला आहे ते बघून सांगतो.